कॅराव्हॅनवरचे जुने रेडियम उतरवून नवे लावताना: देवास नाक्याजवळच्या एका दुकानाचे परीक्षण

इंदूरमध्ये गाडीवर रेडियम, म्हणजे चिकट विनाइलच्या रंगीत शीटची सजावट, लावून देणारी दुकाने पैशाला पासरी आहेत. लावलेले रेडियम नीट उतरवून देणारे दुकान मात्र शोधावे लागते. बहुतेक ठिकाणी जुने काढण्याचे काम नव्या कामाच्या भावातच धरले जाते, आणि ज्या कामाला वेगळा दर नसतो ते दुकानातल्या सर्वांत नव्या पोराच्या हाती पत्र्याची पट्टी देऊन उरकले जाते. देवास नाक्याच्या बाजूला ज्या दुकानात आम्ही आमच्या कॅराव्हॅनचे काम करून घेतले, तेथील उस्तादांनी गाडीभोवती एक फेरी मारून आधी एवढेच सांगितले, ‘भिया, निकालने का पैसा अलग लगेगा, और लगाने से ज़्यादा टाइम उसी में जाएगा.’ त्या वेळी हे वाक्य भाव वाढवण्यासाठी असावे असे वाटले होते. काम पाहिल्यानंतर आमचे मत असे झाले आहे की या दुकानात पैसे द्यावेत ते मुख्यतः काढण्याच्या कामासाठीच. दुकानाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत, आणि त्या तक्रारी एकट्या या दुकानाच्या नसून या धंद्याच्या सर्वसाधारण सवयींच्या आहेत.

गाडी फोर्सची ट्रॅव्हलर आहे. इंदूरकरांना तिचे अप्रूप नाही, कारण ती शेजारच्या पीथमपूरलाच तयार होते आणि पुष्कळ जण अजून तिला टेम्पो ट्रॅव्हलर असेच म्हणतात. आमची गाडी एका सहल-व्यावसायिकाकडून विकत घेतलेली असून तिच्यावर नंतर कॅराव्हॅनची बांधणी झालेली आहे; म्हणजे दोन्ही बाजूंचा बराचसा भाग कारखान्यातून रंगून आलेला पोलादी पत्रा, छताचा उंच केलेला भाग व पाठीमागची बाजू फायबरग्लासची, आणि झोपण्याच्या जागेच्या खिडक्या काचेऐवजी ॲक्रिलिकच्या. वरचे चित्र एकच असले तरी खालचे पृष्ठभाग तीन आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकाला चालणारी व न चालणारी रसायने वेगळी आहेत. स्टिकर उतरवताना गाडीचे जे नुकसान होते, त्यातले बरेचसे ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे होते.

जुनी सजावट भरगच्च होती. दोन्ही बाजूंना निळ्या-नारिंगी लाटा, त्यांच्या मागे डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी कोणत्याही हिशेबात न बसणारा एक उंट, आणि मागच्या दारावर व्यावसायिकाचे नाव व हातभर मोठ्या अंकांतला दूरध्वनी क्रमांक. गाडी वर्षानुवर्षे एकाच दिशेला तोंड करून उघड्यावर उभी राहत असावी, कारण दक्षिणेकडे राहिलेली बाजू तापून वाळलेल्या चिखलासारखी तडकली होती आणि तीच नक्षी दुसऱ्या बाजूला बऱ्यापैकी शाबूत होती. उस्तादांनी दोन्ही बाजूंचा दर निरनिराळा लावला, आणि ते योग्यच होते. साध्या विनाइलला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. ऊन आणि उष्णता यांनी ते द्रव्य हळूहळू निघून जाते, मग शीट आक्रसते, कडक होते आणि काढायला गेल्यास पट्टीने न निघता नखाएवढ्या कपच्यांनी निघते. उत्तरेकडील बाजूची लाट हाताच्या ओढीने लांबच्या लांब सुटून आली. दक्षिणेकडील तेवढ्याच लाटेला त्याच्या कित्येक पट वेळ लागला.

काढण्याची पद्धत तपशिलाने सांगण्यासारखी आहे, कारण आपल्या गाडीजवळ उभे राहून काय पाहायचे हे ग्राहकाला ठाऊक असले तर पुष्कळ गोष्टी टळतात. हीट गन एका जागी धरून ठेवायची नाही, सतत फिरती ठेवायची. पृष्ठभाग साधारण ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापला म्हणजे पुरे. उस्ताद गनच्या मागोमाग हाताची पालथी बाजू पत्र्याला लावून पाहत होते, आणि हात तेथे क्षणभरच ठेवता आला की तेवढ्यावर थांबत होते. शीट थंड असली तर तुटते, आणि वाजवीपेक्षा जास्त तापली तर शीट निघते पण डिंक सगळा गाडीवर राहतो. या दोहोंमधला पट्टा अरुंद असतो आणि तो सापडणे हेच या कामातले कौशल्य. कोपरा प्लॅस्टिकच्या पात्याने उचलल्यानंतर शीट समोर, स्वतःकडे ओढायची नसते. ती स्वतःवरच उलटी दुमडून, जवळजवळ पत्र्याला समांतर, सावकाश ओढायची असते. असे केले म्हणजे डिंकाचा बराच भाग शीटबरोबर येतो. दुकानातला तरुण मदतनीस घाईने सरळ ओढू लागला तेव्हा पत्र्यावर डिंकाचे बारीक तंतू ताणून राहिले, आणि उस्तादांनी त्याच्या हातातून शीट काढून घेऊन तो भाग पुन्हा तापवला. मदतनिसाला ते काही बोलले नाहीत, पण पुढचा सगळा डिंक पुसायला मात्र त्यालाच बसवले.

फायबरग्लासवर त्यांची रीत आणखी सावध होती. ड्रिलला लावायचे रबरी चाक त्यांच्याकडे आहे आणि पोलादी पत्र्यावरचा कारखान्याचा पक्का रंग ते सोसतो. परंतु फायबरग्लासच्या वरच्या गुळगुळीत थरावर, म्हणजे जेलकोटवर, त्या चाकाच्या घर्षणाने उष्णता एका जागी साठते आणि डाग पडतो, म्हणून मागच्या बाजूला त्यांनी ते वापरलेच नाही. तेथे डिंकावर संत्र्याच्या सालीसारखा वास येणारे द्रावण फवारून, वरून स्वयंपाकघरात वापरतात तसला पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवून ठेवला, आणि डिंक फुगून मऊ झाल्यावर प्लॅस्टिकच्या पात्याने लोटून काढला. थिनरचा डबा शेडमध्ये होता, पण आमच्या गाडीच्या आसपास तो आणला गेला नाही. ही गोष्ट आम्ही विशेष नोंदवतो, कारण ॲक्रिलिकच्या खिडकीवर थिनर किंवा पेट्रोल यांचा हात फिरला तर तीत बारीक चिरांचे जाळे पसरते आणि ते कोणत्याही पॉलिशने जात नाही; अशी खिडकी बदलावीच लागते, आणि कॅराव्हॅनची खिडकी म्हणजे बाजारात सहज मिळणारी वस्तू नव्हे. कामाला हात घालण्यापूर्वी त्यांनी सर्व खिडक्या प्लॅस्टिकने झाकून कडेने मास्किंग टेप लावली होती. ज्या दुकानात हे न करता सुरुवात होते, तेथून गाडी परत आणावी.

डिंक गेल्यावर जे उरते ते त्याहून चिवट असते. ज्या रंगावर स्टिकर होता तो उन्हापासून वाचलेला आणि भोवतालचा रंग विटलेला, त्यामुळे स्टिकर गेला तरी त्याची आकृती राहते. मागच्या दारावर दुपारचे तिरपे ऊन पडले की जुना दूरध्वनी क्रमांक अंकन् अंक वाचता येत होता. येथे दुकानदाराची पारख होते, कारण ‘सगळे निघून जाईल’ असे सांगून रबिंग कंपाऊंड चोळत बसणे सोपे असते आणि त्यात रंगाचा थर पातळ होत जातो. उस्तादांनी आधीच सांगितले की पत्र्यावरची छाया बरीच उतरेल, फायबरग्लासवरची पूर्ण जाणार नाही. मागच्या बाजूचा जेलकोट इतका जुना झालेला होता की बोट फिरवल्यावर बोटाला खडूसारखी पांढरी भुकटी लागत होती; त्या भुकटीवर नवा स्टिकर लावणे म्हणजे भुकटीलाच स्टिकर लावणे होय. म्हणून ती कंपाऊंड व बफिंगने चकाकी येईपर्यंत काढली गेली, आणि क्रमांकाची जी अंधुक छाया तरीही राहिली तिच्यावर नव्या रचनेतला गडद पट्टा येईल अशी आखणी त्यांनीच सुचवली. आमच्या मूळ आराखड्यात तो पट्टा वीतभर खाली होता. त्यांचे म्हणणे मानले हे बरे झाले.

काढण्याच्या कामाला आम्ही पूर्ण गुण देतो. बिलात त्याचा वाटा एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक होता, आणि तो खटकला नाही.

शीटच्या निवडीबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. या बाजारात प्रत्येक शीट तोंडी ‘थ्री एम’ या नामांकित कंपनीची असते. आम्हाला प्रथम दाखवलेल्या रोलच्या मागच्या कागदावर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते, आणि विचारल्यावर ‘माल वही है’ एवढेच उत्तर मिळाले. वस्तुतः येथे दोन निरनिराळ्या प्रकारची विनाइल असतात, आणि कॅराव्हॅनच्या मालकाने हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. स्वस्त प्रकारात विनाइल तापवून रुळांमधून ताणून लाटलेले असते. ते साधारण ६० ते १०० मायक्रॉन जाड असते, आणि ताणून बनवलेले असल्यामुळे उन्हात पुन्हा आपल्या मूळ आकाराकडे आक्रसू पाहते. महाग प्रकारात पातळ द्रव एका सपाट कागदावर ओतून भट्टीत सुकवतात. ते सुमारे ५० मायक्रॉनचे असते, त्यात ताण नसतो, आणि पन्हाळीवर किंवा खिळ्यांच्या डोक्यांवर बसवले तरी ते बसलेले राहते. दुकानात याला ‘कास्ट’ म्हणतात. ओराकल या जर्मन मालाचे उदाहरण घ्यायचे तर ६५१ ही मालिका लाटलेल्या प्रकारची आहे आणि ९५१ ही कास्टची. दोन्हींच्या मागच्या कागदावर नाव व मालिका छापलेली असते, त्यामुळे फसवणूक ओळखणे अवघड नाही, फक्त रोल उलटून पाहिला पाहिजे. मोटारसायकलच्या टाकीवर दोन वर्षे टिकले तरी चालते अशा कामासाठी स्वस्त शीट वापरण्यात काही गैर नाही. परंतु मे महिन्यात ज्या शहरात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेथे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर वीस फूट लांबीचा पट्टा स्वस्त शीटचा लावला, तर काही वर्षांनी तो उतरवण्याचे पैसे पुन्हा याच उस्तादांना द्यावे लागतील. उस्तादांना हे आमच्यापेक्षा अधिक चांगले कळते. तरीही त्यांनी कास्टचे नाव आपण होऊन काढले नाही, ही आमची पहिली तक्रार आहे. त्यांचे स्पष्टीकरण असे की ग्राहक दर ऐकूनच उठून जातात, कारण कास्टचा प्रति चौरस फूट भाव साध्याच्या तिप्पट-चौपट पडतो. स्पष्टीकरण खरे असेल, पण निवड ग्राहकापुढे मांडायला काय हरकत आहे?

पट्टे आम्ही छापून न घेता रंगीत शीटमधूनच कापून घेतले. छापील कामात शाईचा रंग, विशेषतः लाल व पिवळा, निळ्या-काळ्याच्या आधी विटतो. रंगीत शीटमध्ये रंग आरपार असतो. छापील काम केवळ मागच्या दारावरच्या छोट्या चित्रापुरते ठेवले, आणि तेथे दुकानाने घाई केली. छपाईनंतर शाईतला द्राव उडून जायला किमान एक पूर्ण दिवस शीट मोकळी पसरून ठेवावी लागते, मगच त्यावर लॅमिनेशन करायचे असते. अन्यथा तो द्राव आत अडकून डिंक मऊ करतो आणि कडा वळू लागतात. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याच दिवशी छापलेली शीट लॅमिनेशनच्या यंत्रावर चढवण्याची तयारी चालू होती. सांगितल्यावर थांबले, हे मान्य. पण सांगावे लागले. मोठ्या कंपन्यांची टिकाऊपणाची हमी फिल्म, शाई आणि लॅमिनेट ही त्यांनी ठरवून दिलेल्या जुळणीतील असतील तरच मिळते, आणि तीही उभ्या पृष्ठभागासाठी. बॉनेट किंवा छप्पर अशा आडव्या भागांवर ती मुदत पुष्कळ कमी होते. म्हणूनच बॉनेटवर आम्ही काहीही लावून घेतले नाही.

दुसरी तक्रार अक्षरांची आहे. गाडीच्या मागे ‘मुक्काम पोस्ट रस्ता’ असे लिहायचे होते. दुकानातले टायपिंग कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये चालते, आणि आम्ही पाठवलेला युनिकोडमधला मजकूर त्यांच्या संगणकावर उघडताच ‘मुक्काम’मधला अर्धा क पाय मोडून वेगळा झाला आणि ‘पोस्ट’ची तीच गत झाली. तो दोष पडद्यावर दिसल्यामुळे लगेच सापडला. त्यापुढचा दोष मात्र कापल्यावरच दिसतो, आणि देवनागरीत काही लिहून घेणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावा. फॉन्टमधील अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. छपाईत ते कळत नाही, परंतु शीट कापणारे यंत्र, म्हणजे कटर, प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा स्वतंत्रपणे कापते, त्यामुळे जेथे शिरोरेषा एकमेकींवर येतात तेथे उभे छेद पडतात आणि सलग दिसणारी रेघ तुकड्यातुकड्यांची होते. त्या प्रत्येक छेदातून पुढे पाणी आणि धूळ शिरते. कोरल ड्रॉ या आरेखनाच्या संगणक-प्रणालीत सर्व अक्षरे निवडून ‘वेल्ड’ केली की बाह्यरेषा एकजीव होते. काम क्षणाचे आहे. पहिला तुकडा ‘वेल्ड’ न करता कापला गेला होता आणि ‘चालेल’ म्हणून दाखवण्यात आला. आम्ही तो नाकारला, दुकानाने स्वखर्चाने दुसरा कापून दिला, आणि त्यात एक सबंध दुपार गेली. हिंदीच्या पाट्या रोज कापणाऱ्या शहरात ही चूक होऊ नये.

लावण्याचे काम चांगले झाले, त्याबद्दल थोडक्यात. सुरुवात सकाळी शेडमध्ये, पत्रा तापण्याआधी झाली. तापलेल्या पत्र्यावर डिंक टेकताक्षणी धरतो आणि शीट सरकवता येत नाही. बफिंगनंतर उरलेला पॉलिशचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसला गेला. लांब पट्टे मध्यावर मास्किंग टेपने अडकवून, एका बाजूचा कागद सोडवत, फेल्ट लावलेल्या पट्टीने मधून कडेकडे दाबत बसवले. मोठ्या तुकड्यांना साबणाच्या पाण्याचा हलका फवारा दिला, छोट्यांना दिला नाही. दाराच्या फटींवर शीट थेट गाडीवर ब्लेडने कापण्याची जी सर्वत्र सवय आहे, ती येथे दिसली नाही. कापायच्या रेषेवर त्यांनी आधी धाग्याची टेप लावली आणि वरची शीट बसल्यावर धागा ओढून ती आतून कापली. ब्लेडचा एक ओरखडा रंगातून पत्र्यापर्यंत गेला तर पहिल्याच पावसात तेथे गंज धरतो, हे ज्यांनी एकदा पाहिले आहे त्यांना या धाग्याची किंमत समजेल. शेवटी पन्हाळींत बसलेल्या भागाला पुन्हा चांगली उष्णता देऊन शीटचा ताण मोडला आणि सर्व टोकदार कोपरे कात्रीने गोल केले.

पाठीमागची लाल परावर्तक पट्टी बदलायची होती, तेव्हा उस्तादांनी साधी चमकणारी लाल शीट लावण्यास नकार दिला आणि मान्यताप्राप्त, पृष्ठभागावर खूण असलेली पट्टीच आणायला लावली. हा आग्रह आम्हाला आवडला. गाडीचा मूळ पांढरा रंग आम्ही तसाच राखला आहे. संपूर्ण गाडी दुसऱ्या रंगाच्या शीटने मढवायची असेल तर नोंदणी पुस्तिकेतल्या रंगाचा प्रश्न येतो, आणि तो आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावा.

पावसाळा उलटून गेल्यावर पट्ट्यांची स्थिती अशी आहे: दोन्ही बाजू घट्ट, अक्षरे घट्ट, मागच्या चित्राची एक कडा किंचित उचललेली, आणि डिझेलच्या झाकणाखालचा तुकडा डिझेलचे ओघळ लागून सुटलेला. तो तुकडा दुकानाने पैसे न घेता बदलला व झाकणापासून दोन बोटे जागा सोडून नवा लावला. मागच्या कडेबद्दल मात्र ‘देख लेंगे’ चालू आहे. धुलाईच्या ठिकाणी पाण्याचा जोराचा फवारा कडेवर तिरपा मारू देऊ नये, निदान फूटभर अंतर ठेवायला सांगावे, ही सूचना त्यांनी तोंडीच दिली. ती छापून बिलासोबत दिली तर त्यांच्याच तक्रारी कमी होतील.

बिलाच्या बाबतीत आग्रह धरावा लागतो. पहिल्या बिलावर केवळ ‘स्टिकर काम’ असे दोन शब्द होते. मागितल्यावर शीटचे नाव, मालिका व काढण्याचे शुल्क वेगवेगळे लिहून जीएसटीसह बिल मिळाले. सांगितलेल्या दिवसापेक्षा काम बरेच लांबले, त्यात लग्नसराईतल्या गाड्यांच्या सजावटीचा वाटा मोठा होता, म्हणून त्या हंगामात येथे कॅराव्हॅन नेऊ नये. शेड एकच असून ट्रॅव्हलर आत घेतली की दुसरी गाडी मावत नाही, त्यामुळे आधी फोन करून दिवस ठरवावा लागतो. थंडीच्या ऐन दिवसांत सकाळी पत्रा फार गार असतो आणि डिंक नीट धरत नाही. ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी-मार्च हे दिवस बरे. एखाद्याला केवळ जुने काढून गाडी कोरी करून हवी असेल आणि नवे काम दुसरीकडे करायचे असेल, तरी उस्ताद ते घेतात, आणि दर तोच लावतात.